वॅगन की एसयूव्ही? आई-बाबांना घेऊन म्युनिक, स्टेल्विओ, लिविन्यो

जर्मनीतल्या मराठी घरात दुसरं मूल चालायला लागलं की छोटी गाडी पुरेनाशी होते. मग मंडळाच्या गणपतीत, मुलांच्या फुटबॉलच्या मैदानावर, कुणाच्या वाढदिवसाला, जिथे चार जण भेटतील तिथे एकच विषय निघतो: कोंबी घ्यायची की एसयूव्ही? कोंबी म्हणजे आपण जिला स्टेशन वॅगन म्हणतो ती. आपल्याकडे ती कधी रुजली नाही, इथे मात्र ती घरोघरी दिसते.

आमच्या घरात हा प्रश्न दोन नेमक्या गाड्यांवर येऊन थांबला होता. एक बीएमडब्ल्यूची ३३०डी तूरिंग, म्हणजे थ्री सिरीजची वॅगन, आणि दुसरी एक्स थ्री ३०डी. दोन्ही सेकंडहँड. कागदावर या दोघींना शेजारी ठेवलं तेव्हा मी चकित झालो. इंजिन एकच, तीन लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल. ताकद एकच, २८६ अश्वशक्ती. टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, ६५० न्यूटन मीटर, तोही एकच. गिअरबॉक्स दोन्हीकडे आठ गिअरचा ऑटोमॅटिक, चारही चाकांना ताकद. लांबी तूरिंगची ४७०९ मिलिमीटर आणि एक्स थ्रीची ४७०८. म्हणजे एका मिलिमीटरचा फरक! फरक उरतो तो उंचीत: १४७० विरुद्ध १६७६. वीस सेंटिमीटर आणि थोडं वर. आमचा सगळा वाद या वीस सेंटिमीटरचा होता.

योग असा आला की दोन्ही गाड्या एकदमच हाताशी आल्या. एक मित्र कायमचा पुण्याला परत चालला होता, त्याची एक्स थ्री विकायची होती. "आठवडाभर चालव, मग सांग," म्हणाला आणि विम्यात माझं, बायकोचं आणि दाजींचं नाव घालून दिलं. तूरिंग दाजींचीच, ते आणि ताई रेगेन्सबुर्गला असतात. सप्टेंबर होता. आई-बाबा नव्वद दिवसांच्या व्हिसावर आलेले. आम्ही चौघं, आई-बाबा, ताई-दाजी अशी आठ माणसं, म्हणजे दोन गाड्या लागणारच होत्या. ठरलं असं की म्युनिकहून इटलीतल्या आल्प्समध्ये, स्टेल्विओ खिंडीतून लिविन्यो गावापर्यंत जाऊन यायचं, आणि गाड्यांची आणि माणसांची अदलाबदल करत जायचं.

शनिवार : म्युनिक ते प्राड

ऑस्ट्रियातल्या फर्नपास या खिंडीत शनिवारी सकाळी आठनंतर गाड्यांची रांग लागते, म्हणून पाचलाच निघालो. मी तूरिंगमध्ये. शेजारी बाबा, मागे बायको आणि चार वर्षांची लेक. आई ताईंबरोबर एक्स थ्रीत, कारण गुडघे.

म्युनिकहून गार्मिशकडे जाणाऱ्या ए९५ वर बऱ्याच भागात वेगमर्यादा नाही. पहाटे रस्ता मोकळा होता. तूरिंग १८० ला गेली आणि बाबांना ते कळलंही नाही. मीटरकडे बघून मग म्हणाले, "अरे, हा आकडा खरा आहे का?" या वेगाला गाडी रस्त्याला धरून होती, स्टिअरिंगवर हात नुसता ठेवलेला पुरत होता, आणि आम्ही नेहमीच्या आवाजात बोलत होतो. मागून दाजी त्याच वेगाने आले. उतरल्यावर ते म्हणाले की एक्स थ्रीलाही ताकद कमी पडत नाही, पण दीडशेच्या पुढे वारा आरशांपाशी बोलायला लागतो आणि पुलावर बाजूने झोत आला की हात घट्ट धरावे लागतात.

फर्नपास ओलांडून, लांडेकवरून रेशेनला पोचलो तेव्हा जेवायची वेळ झाली होती. ही खिंड पंधराशे मीटरवर आहे, आणि पलीकडे इटली सुरू होताच ते तळं लागतं, ज्याच्या पाण्यातून चर्चचा एकटा मनोरा वर आलेला आहे. १९५० मध्ये धरणासाठी इथलं ग्राउन गाव पाण्याखाली गेलं. मनोरा चौदाव्या शतकातला, तेवढा राहिला. बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यातली, काही वर्षं भिगवणला होते. ते काठावर उभे राहून बराच वेळ बघत राहिले. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ असंच वर येतं. "गाव हलवताना माणसं देवळाच्या पायऱ्या मोजून घ्यायची," एवढंच ते बोलले. मी तिथे गाडीचा विषय काढला नाही.

दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तूरिंगच्या डिकीत, सगळ्या बॅगांच्या वर. तूरिंगच्या मागच्या दाराची नुसती काच वेगळी उघडते. पूर्ण दार उघडलं असतं तर दोन बॅगा आणि लेकीची ढकलगाडी रस्त्यावर आली असती. काच वर केली, हात घातला, डबा काढला, काच खाली. गाडी लावायला मागे जागा नसेल तेव्हाही याचा फायदा होतो. एक्स थ्रीला ही सोय नाही. आकड्यांत एक्स थ्रीची डिकी ५५० लिटरची आणि तूरिंगची ५०० ची, पण आईची तेवीस किलोची बॅग उचलून ठेवायची असेल तर तूरिंगचा काठ गुडघ्याच्या जरा वर लागतो, एक्स थ्रीचा मांडीच्या वर. कमरेला तो फरक लगेच कळतो.

आईला विचारलं, कशी वाटली गाडी? "खुर्चीवर बसल्यासारखं बसायचं आणि उठायचं. मला हीच बरी." ताई माझ्याकडे बघून हसली. पहिला दिवस एक्स थ्रीचा.

रविवार : स्टेल्विओ

प्राड गाव नऊशे मीटरवर आणि स्टेल्विओ खिंड २७५७ वर. मध्ये जेमतेम पंचवीस किलोमीटर. ऑस्ट्रियन साम्राज्याच्या काळात, १८२० ते १८२५ या पाच वर्षांत कार्लो दोनेगानी या अभियंत्याने हा रस्ता बांधला, लोंबार्दीला तिरोलशी जोडायला. या बाजूने अठ्ठेचाळीस केसपिनी वळणं आहेत आणि प्रत्येकावर नंबराचा दगड आहे. खालचं ४८, वरचं १. बाबा आदल्या रात्रीपासूनच खूश होते.

आज मी एक्स थ्री घेतली. आई पुढे, कारण तिला गाडी लागते आणि पुढे बसलं की कमी लागते. मागे बाबा आणि मुलगा.

सुरुवातीला झाडी आहे, त्राफोई गाव आहे, वळणं लांब लांब आहेत. एक्स थ्रीत बसून हा भाग बघण्यासारखा. दगडी कठड्यांच्या वरून नजर थेट दरीत जाते, आणि ओर्टलरचं शिखर, ३९०५ मीटरचं, हिमनदीसकट काचेत मावतं. बाबा मागून धारकभिंतींचा अभ्यास करत होते. "दगड बघ कसा बसवलाय. दोनशे वर्षं, आणि पोट सुटलेलं नाही भिंतीला." त्यांचं निम्मं आयुष्य खात्याच्या जीपमध्ये गेलं, उंचावरून रस्ता बघायची सवय. ही जागा त्यांना मनापासून आवडली.

झाडी संपली, दगडांवरचे आकडे तिसाच्या आत आले आणि आई गप्प झाली. तिने पदर तोंडाशी धरला. मी वेग आणखी कमी केला, वळणावर हळूच वळवत होतो, समोरून येणाऱ्या बसला आधीच थांबून जागा देत होतो. उपयोग झाला नाही. दोन वळणांच्या मधला सरळ तुकडा इतका छोटा की गाडी एका बाजूला झुकून सावरते न सावरते तोच दुसऱ्या बाजूला झुकायची वेळ येते. उंच गाडीत माणसाचं डोकं रस्त्यापासून जास्त वर, म्हणून झुलतंही जास्त. अठराव्या की सतराव्या दगडाशी एका रुंद जागी थांबलो. आई खाली उतरली, थंड वाऱ्यात उभी राहिली, आलेपाकाची वडी तोंडात धरली. उलटी झाली नाही, पण चेहरा पांढरा पडला होता. ताईंची तूरिंग मागून आली, थांबली.

तिथेच आईला तूरिंगमध्ये घेतलं आणि मीही तिकडे गेलो. चालवणारा तोच राहिला, म्हणजे तुलना खरी झाली. दाजी एक्स थ्रीत गेले. आता आईला खाली वाकून बसायचं होतं. ताईने किराणाच्या प्लास्टिकच्या पिशवीची घडी सीटवर ठेवली. तिच्या फिजिओथेरपिस्टने शिकवलेली युक्ती. आई आधी आडवी बसली, पाय बाहेर, साडी सावरून घेतली, मग पिशवीवर सरकत दोन्ही पाय एकदम आत. गुडघा वळवावाच लागला नाही.

उरलेली वळणं सर्वांत तीव्र आहेत. मी मुद्दाम वेग तोच ठेवला. तूरिंग वळणात झुकतच नाही असं नाही, पण जे झुकणं आहे ते एकदा होतं आणि थांबतं. तीन-चार वळणं आई डोळे मिटून होती. मग उघडले. आठ नंबरच्या दगडाशी म्हणाली, "तो सायकलवाला बघ, आपल्या आधी पोचतोय." मला तेव्हाच समजलं की तिला बरं वाटतंय.

वरती मोटारसायकलींची जत्रा, सॉसेजच्या गाड्या, थंडगार वारा. आम्ही चहाचा थर्मास काढला. पलीकडे बोर्मिओकडे उतरताना जुने अरुंद बोगदे लागतात, आत ओल आणि अंधार. आई पूर्ण उतारभर तूरिंगमध्येच होती आणि शेवटी चक्क झोपली.

रात्री बायकोने हिशेब मांडला तो मला महत्त्वाचा वाटला. आईसाठी एसयूव्ही, हे आम्ही गृहीत धरून चाललो होतो. पण आईचं बसणं-उतरणं दिवसात सहा-आठ वेळा, मिनिटभराचं. आणि गाडीत असणं पाच तास.

सोमवार : बोर्मिओ ते लिविन्यो

अंतर थोडं, म्हणून उशिरा निघालो. फोस्कान्यो खिंड तेवीसशे मीटरच्या आसपास आहे, रस्ता रुंद आणि सुरेख. आई तूरिंगमध्ये, आणि आज चढणावरही काही झालं नाही. मी मुलाला आरशात बघत होतो. तो पुस्तक वाचत होता, तेही वळणांवर.

लिविन्यो करमुक्त आहे, त्यामुळे डिझेल स्वस्त. दोन्ही टाक्या म्युनिकला काठोकाठ भरून निघालो होतो, इथे पुन्हा भरल्या आणि हिशेब केला. तूरिंगने शंभर किलोमीटरला सव्वासहा लिटरच्या आसपास घेतलं, एक्स थ्रीने साडेसातच्या वर. इंजिन एक, रस्ता एक, सामान जवळपास सारखं. हवेला भिडणारं तोंड मोठं आणि वजन जास्त, याची ही किंमत, आणि ती गाडी विकेपर्यंत रोज द्यायची.

तूरिंगची बाजू इथवर भारी झाली होती, पण दुपारी एक्स थ्रीने आपली जागा दाखवली. आमचा मुक्काम गावाबाहेरच्या एका शेतघरात होता. शेवटचा पाऊण किलोमीटर कच्चा रस्ता, ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्हीकडे खोल चाकोऱ्या पडलेल्या आणि मधे गवताचा उंचवटा. एक्स थ्री पोटाखाली २०४ मिलिमीटर जागा ठेवून आहे, ती घाट चढल्यासारखी सहज गेली. तूरिंगला त्यातले जेमतेम दोन तृतीयांश. दाजींनी एका बाजूची चाकं मधल्या उंचवट्यावर आणि दुसऱ्या बाजूची कडेला असं तिरपं नेलं, ताई पुढे चालत दगड दाखवत होती. एकदा खालून खर्र आवाज आला. वाकून पाहिलं, तळाच्या प्लास्टिकला ओरखडा, बाकी काही नाही. शेतघराच्या मालकाची गाडी होती जुनी फियाट पांडा, चारही चाकं चालणारी. ती आमच्या दोन्ही गाड्यांना मागे टाकून वर गेली!

ज्यांचं घर अशा रस्त्यावर आहे, ज्यांना दर आठवड्याला असा रस्ता लागतो, त्यांनी तूरिंगचा विचार करू नये. मी म्युनिकमध्ये राहतो. असा रस्ता वर्षातून दोनदा लागेल, आणि तेव्हा शेवटचे आठशे मीटर चालत जाता येतं. बर्फाचा मुद्दा लोक नेहमी काढतात. पण दोन्हीकडे चारही चाकं ओढणारी आहेत आणि बर्फात पकड टायर देतात.

संध्याकाळी बायकोने तिची बाजू मांडली, आणि ती ठाम होती. लेकीला सीटमध्ये बसवणं, पट्टा दोन पायांच्या मधून घेऊन बकल खटकन लावणं, हे काम दिवसातून चारदा तिचं असतं. एक्स थ्रीत ती उभ्या उभ्या करते. तूरिंगमध्ये डोकं दाराच्या चौकटीखाली घालून, कमरेत वाकून. मी त्या दिवशी दोन्हीकडे लेकीला स्वतः बसवून पाहिलं. तिचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. पण लेक चार वर्षांची आहे, आणि त्या दिवशी तिसऱ्या प्रयत्नात तिने बकल स्वतः लावलं.

मंगळवार : लिविन्यो ते म्युनिक

सकाळपासून पाऊस. लिविन्योतून स्वित्झर्लंडला जायला मुंट ला शेरा हा बोगदा आहे, साडेतीन किलोमीटरच्या आतबाहेर, टोल भरायचा आणि एका वेळी एकाच दिशेने गाड्या सोडतात. खडकातून कोरलेला, एका लेनचा. मी एक्स थ्री चालवत होतो. एक्स थ्रीची रुंदी १८९१, तूरिंगची १८२७. आकडा छोटा, पण दोन्ही आरशांवर लक्ष ठेवून चालवताना तो खांद्यांत जाणवतो. बाहेर पडल्यावर खांदे खाली आले.

त्सेर्नेझपासून इन नदीच्या काठाने खालच्या एंगादीनमधून आलो. भिंतींवर नक्षी खरवडलेली जुनी घरं, खिडक्यांत जिरेनियम. पावसात सगळं धुऊन निघालेलं. इथे मात्र आम्ही घाईत होतो.

लांडेकनंतर गाडी बायकोने घेतली, एक्स थ्रीच. ऑस्ट्रियातल्या तिरोल प्रांतात महामार्गावर हवा स्वच्छ राहावी म्हणून शंभरची मर्यादा आहे, त्यामुळे सगळे शिस्तीत. ट्रकच्या चाकांचे फवारे तिच्या नजरेच्या खाली राहत होते. पावसाळी अंधारात ती निवांत चालवत होती आणि तसं म्हणालीही. दाजींच्या तूरिंगची काच त्याच फवाऱ्यांनी झाकली जात होती. हा गुण मी कमी लेखत नाही. पावसात रोज ऐंशी किलोमीटर नोकरीला जाणाऱ्याला मी एक्स थ्रीच सांगेन.

म्युनिकच्या अलीकडे ए८ वर रस्त्याचं काम होतं. दोन लेन अरुंद केलेल्या, आणि डावीच्या तोंडाशी पाटी: २.१ मीटर. ही मर्यादा आरशांसकट मोजतात. तूरिंग आरशांसकट २.०६८ मीटर, ती डाव्या लेनमधून गेली. एक्स थ्री २.१३८ मीटर, म्हणून आम्ही उजवीकडे, ट्रकच्या मागे. जर्मनीत उन्हाळाभर कुठे ना कुठे हे असतंच. गाडी बघायला जाणाऱ्यांपैकी फारच थोडे आरशांसकट रुंदी विचारतात. जरूर विचारा.

बुधवार : घरी

मित्राला फोन करून सांगितलं की गाडी उत्तम ठेवली आहेस, पण आम्ही तूरिंग बघतोय. दुपारी आईला विचारलं, खरं सांग, तुला उंच गाडी हवी होती ना? "मला उतरताना हात द्यायला कुणीतरी असतंच," ती म्हणाली. "वळणावर पोट धरायला कोण येणार?" बाबा अजूनही एक्स थ्रीच्या बाजूने आहेत. तूरिंगमध्ये दाजी भेटले की ते म्हणतात, ही तर आपली टाटा इस्टेट, नव्वदच्या दशकात पिंपरीहून यायची ती. नाव चुकीचं नाही.

लांड्सहूटला एका डीलरकडे एक ३३०डी तूरिंग आहे, रंगही आवडला, पण तिला एम स्पोर्टचं कडक सस्पेन्शन आणि एकोणीस इंची चाकं आहेत. ती मी घेणार नाही. वॅगन निवडण्याचं कारण मागच्या सीटवरच्या माणसाचं सुख हे असेल, तर टायरची भिंत जरा उंच हवी, अठरा इंच खूप झालं, आणि जमलं तर इलेक्ट्रॉनिक डॅम्पर असलेली, म्हणजे महामार्गावर मऊ आणि घाटात घट्ट ठेवता येते. छतावर रेल हव्यात. तूरिंगचं छत माझ्या छातीच्या जरा वर येतं, त्यावर सामानाची पेटी मी एकटा चढवू शकतो. एक्स थ्रीवर स्टूल लागतं. मागे हुक असेल तर मुलांच्या सायकली. आणि हिवाळी टायर वेगळ्या रिमवर, पर्वत आणि हिमकण कोरलेली खूण पाहून, कारण २०२४ च्या ऑक्टोबरपासून जर्मनीत तीच खूण चालते. शनिवारी आउग्सबुर्गला अशी एक गाडी बघायला जातोय, या वेळी लेकीची सीट आणि ती पिशवी बरोबर घेऊन.